मुक्काम पोस्ट डॉमिनिका

सुभेदार बाबूराव तायडे यांना उभ्या आयुष्यात 'तुम्ही राहणार कुठे?' असं कुणी विचारलं नव्हतं. फौजेत असताना ते वरचे लोक ठरवत. कधी बराक, कधी तंबू, कधी नुसतंच 'त्या टेकडीच्या मागे'. महूहून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदूरला घर बांधलं आणि तो विषयच संपला. नातेवाइकांकडे जायचं तर पत्ता विचारायचा, पोचायचं, चपला काढायच्या आणि आत शिरायचं. राहायचं कुठे, हा काय प्रश्न झाला?

तो प्रश्न धम्मदीनेनं विचारला, म्हणून जास्त लागला.

धम्मदीना त्यांची एकुलती एक मुलगी. कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका नावाचं एक बेट आहे, तिथल्या मेडिकल कॉलेजात ती शरीररचना शिकवते. कॉलनीत हे समजावून सांगणं सोपं नव्हतं. 'वेस्ट इंडीजकडं' म्हटलं की लोक क्रिकेटकडे वळत, आणि 'मुडद्यांवर शिकवते' म्हटलं की चहाचा कप खाली ठेवत. तिनं एके सकाळी फोनवर निरोप धाडला : 'आई-बाबा, डिसेंबरात मला सुट्टी आहे. तिकिटं मी काढते, तुम्ही नक्की या. राहायला तीन जागा बघून ठेवल्यात, फोटो पाठवतेय. तुम्हाला कुठली आवडते ते कळवा.'

बाबूरावांनी निरोप वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"गया, पोरीनं आपल्याला बोलावलंय."

"हो, कळलं मला," गयाबाई म्हणाल्या. त्या पोह्यांवर कोथिंबीर घालत होत्या.

"हॉटेलात बोलावलंय."

गयाबाईंनी यावर 'हं' केलं आणि ताटली पुढे केली. बाबूरावांनी त्या 'हं'चा अर्थ 'आईचं काळीज तुटलं' असा लावला. तो अर्थ पुढे बरेच दिवस त्यांना पुरला.

त्यांना नेमकं काय लागलं होतं हे समजून घ्यायला हवं, कारण माणूस हट्टी असला तरी खोटा नव्हता. मुलगी झाली तेव्हा त्यांनी युनिटभर पेढे वाटले होते. मुलगा आणि मुलगी यांत फरक करायचा नाही, हे त्यांच्या घरात नुसतं भिंतीवरच्या तसबिरीखाली लिहिलेलं नव्हतं, पाळलेलं होतं. मुलाच्या घरी माणूस जसा हक्कानं जाऊन राहतो तसा तो मुलीच्या घरीही राहणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आणि आता तीच मुलगी म्हणते, तीन जागा बघून ठेवल्यात!

फोनवर त्यांनी विचारलंच. "दीना, तुझ्या घरी जागा नाही का?"

"बाबा, एकच खोली आहे हो. जिना बाहेरून. तुम्हाला त्रास होईल."

"मी बर्फात झोपलोय."

"आई नाही झोपलेली," धम्मदीना म्हणाली, आणि तिचा तास सुरू होत असल्यानं फोन बंद झाला.

तरी त्यांनी एकदा धडक मारून पाहिली. जाताना मधल्या देशात विमान बदलायचं होतं, त्यासाठी ट्रान्झिट व्हिसा हवा होता, आणि त्याच्या अर्जात 'मुक्कामाचा पत्ता' असा रकाना होता. अर्ज भरण्याचं काम त्यांनी मल्हारगंजातल्या मनीषकडे दिलं. मनीषचं ऑफिस एका मसाल्याच्या दुकानावर, माडीवर. तिथून दुबईला जाणाऱ्या प्रवाशाच्या पासपोर्टलासुद्धा हिंगाचा वास येई. चारधाम, दुबई आणि थायलंड ही त्याची पृथ्वी. पण आत्मविश्वास पृथ्वीबाहेरचा.

"अंकलजी, पता बोलिए," मनीष कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाला.

बाबूरावांनी मुलीचा पत्ता सांगितला. पूल ओलांडल्यावर बेकरी, बेकरीच्या मागे चढावर निळं घर, वरची खोली. त्या बेटावर घरांना नंबर लावायची फारशी रीत नव्हती आणि पोस्टमनला सगळं ठाऊक होतं.

मनीषनं टाइप केलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली. पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल.

"अंकलजी, कंप्यूटर बेकरी नहीं ले रहा."

"त्याला सांग, मुलीचं घर आहे."

"वो भी डाला. मकान नंबर मांग रहा है." मनीषनं खुर्ची मागे सरकवली आणि आवाज मऊ केला. "वैसे अंकलजी, बुरा मत मानना, हमारे में तो बेटी के घर का पानी भी नहीं पीते. होटल ही ठीक है."

हे ऐकून सुभेदार उठून उभे राहिले. "आमच्यात पितो," ते म्हणाले. "पाणी पण पितो, जेवतो पण, आणि राहतो पण." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की जिना उतरून रस्त्यावर आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, राहायचं कुठे ते अजून ठरलेलंच नाही.

त्या दिवसापासून दुखावलेल्या अभिमानानं दिशा बदलली. हॉटेलात ठेवायचंय ना? ठीक आहे. मग असं हॉटेल घेऊ की मुलगी भेटायला आली तर दारवान तिला विचारील, 'कोण पाहिजे?' आणि ते पैसेही आपण भरू. धम्मदीनेनं सुचवलेल्या तिन्ही जागा त्यांनी फोटो नीट न बघताच नापास केल्या.

आता ही बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले येऊ लागले. इंदूरमध्ये माणसाला सकाळी पोहे आणि सल्ला दोन्ही ताजे मिळतात. शेजारच्या द्वारकाबाई एकदा मुलासोबत गोव्याला जाऊन आल्या होत्या. समुद्र या विषयावर कॉलनीत त्यांचा शब्द अखेरचा होता. "दादा, समुद्राकडची खोली अजिबात घेऊ नका," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत नाहीत. मी चार दिवस ओला परकर नेसून फिरले."

समोरच्या घरात हृषीकेश राहायला आला होता. मूळ पुण्याचा, सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजात प्राध्यापक. तो कुठलीही गोष्ट विकत घेण्यापूर्वी तिच्याविषयी इतरांनी काय लिहिलंय ते वाचत असे. लग्नाच्या बाबतीत तशी सोय नसल्याचं त्याला वाईट वाटे असं त्याची बायको म्हणायची. त्यानं बाबूरावांना शेजारी बसवून लॅपटॉप उघडला.

"काका, हे बघा. तुमच्या मुलीनं पाठवलेलं पहिलं गेस्ट हाउस. एका जर्मन बाईंनी लिहिलंय, 'रात्रभर बेडूक ओरडतात, झोप नाही.' आणि हे दुसरे गृहस्थ लिहितात, 'बेडकांचं गाणं ऐकत इतकी गाढ झोप कधीच लागली नव्हती.'"

"मग बेडूक चांगले की वाईट?"

"सरासरी चांगले," हृषीकेश म्हणाला.

बाबूराव विचारात पडले. टेहळणीला गेलेल्या दोन जवानांनी असे अहवाल आणले असते तर त्यांनी दोघांनाही शिक्षा म्हणून मैदानाभोवती पळवलं असतं. एकाला त्याच खोलीत स्वर्ग दिसला होता, एकाला झुरळ. एकीला मालकीण आईसारखी वाटली होती आणि त्याच कारणानं तिनं एक तारा कापला होता. माणूस जागेविषयी लिहितो म्हणजे खरं तर स्वतःविषयीच लिहितो, असं त्यांना वाटून गेलं. पण हा विचार कुणाला सांगण्याइतकी फुरसत नव्हती, कारण तेवढ्यात मनीषचा फोन आला.

"अंकलजी, मिल गया! डॉमिनिका में फाइव स्टार. खाना-पीना सब अंदर. पूल ऐसा कि अपना पूरा मल्हारगंज नहा ले. और अभी ऑफर चल रहा है."

फोटोत पांढरीशुभ्र वाळू होती, माड होते, आणि पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. बाबूरावांनी फोटो गयाबाईंना दाखवला. "बघ. कसं आहे?"

"ही पक्ष्यांची घडी कोण मोडतं?" गयाबाईंनी विचारलं.

बाबूरावांनी याचा अर्थ 'पसंत आहे' असा लावला आणि मनीषच्या ऑफिसात जाऊन होकार दिला. ऑफर चालू असल्यामुळे ते बुकिंग रद्द होणार नव्हतं, ही गोष्ट बारीक अक्षरांत होती. बारीक अक्षरं वाचायचा चष्मा घरी होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुभेदार तायडे फौजेत शेवटची काही वर्षं जवानांना नकाशा वाचायला शिकवत. हाताखालून शेकडो पोरं गेली. धुक्यात, जंगलात, नुसत्या होकायंत्रावर ते तुकडी नेमकी ठिकाणावर नेत. कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी रविवारी सकाळी बगिच्यात बाबूरावांचा छोटासा सत्कार आणि 'कॅरिबियन : एक ओळख' असं भाषण ठेवलं. विदेशवारी तशी इतरांनीही केली होती, पण नकाशासकट जाणारे हेच पहिले.

बाबूरावांनी जिवाचं रान केलं. मोठा नकाशा स्वतः काढला. बेटांची माळ निळ्या समुद्रात अशी सुंदर मांडली की द्वारकाबाईंनी रांगोळीसाठी मागून ठेवली. शाल-श्रीफळ झालं. हातात छडी घेऊन सुभेदार उभे राहिले, आणि त्यांचा आवाज परेडच्या मैदानावरचा झाला.

"हे डॉमिनिका. छोटा टापू. डोंगर, नद्या, दाट जंगल. आणि इथं," छडी त्या ठिपक्यावर टेकली, "आमचा मुक्काम."

टाळ्या पडल्या. हृषीकेशनं उत्साहाच्या भरात धम्मदीनेला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सर्वांसमोर धरला. तिच्याकडे अजून शनिवारची रात्र संपायची होती. तिनं हसून सगळ्यांना जयभीम केला, नमस्ते केलं, आणि विचारलं, "बाबा, कुठलं हॉटेल घेतलंत ते तर सांगा."

बाबूरावांनी नाव सांगितलं. नाव स्पॅनिश होतं आणि त्यांनी पाठ केलं होतं.

धम्मदीनेच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. "पुन्हा सांगा?"

त्यांनी पुन्हा सांगितलं, थोडं हळू.

"बाबा, ते इथं नाही. ते डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहे."

"तेच ना?"

"नाही बाबा. तो वेगळा देश आहे. मधे समुद्र आहे. मधे बरीच बेटं आहेत."

 बगिच्यात पोह्यांच्या कढईवर झाकण वाजलं. छडी अजून नकाशावर होती. बाबूरावांनी ती सावकाश वायव्येकडे सरकवली; एक बेट, दुसरं, तिसरं, आणखी काही. शेवटी एका मोठ्या बेटाच्या उजव्या अंगावर ती येऊन थांबली. नकाशा बरोबर होता. त्यांनीच काढला होता.

"म्हणजे किती लांब दादा?" द्वारकाबाईंनी काळजीनं विचारलं. "रिक्षा जात नाही?"

मागच्या रांगेतून मनीष उठला. त्यालाही पोह्यांसाठी बोलावलेलं होतं. "अंकलजी," तो म्हणाला, "नाम में तो बस थोड़ा सा ही फरक है."

पुढचा आठवडा बुकिंग रद्द करण्यात गेला. हॉटेलच्या फोनवर संगीत वाजे, मग एक बाई स्पॅनिशमधून गोड बोले, मग पुन्हा संगीत. अर्जात रद्द करण्याची कारणं दिलेली होती : आजारपण, वादळ, मृत्यू. 'चुकीचा देश' हे कारण नव्हतं.

"डेथ डाल देते हैं अंकलजी," मनीषनं सुचवलं. "उसमें पूरा वापस मिलता है."

"कुणाची डेथ?"

"वो बाद में देखेंगे."

सुभेदारांनी नकार दिला. फौजी इंग्रजीत त्यांनी एक पत्र लिहिलं, 'सविनय निवेदन' पासून सुरू होणारं, ज्यात चूक सर्वस्वी आपली असल्याचं मान्य करून हॉटेलच्या टॉवेलांची स्तुतीही केली होती. हॉटेलनं उलट टपाली कळवलं की, बुकिंग रद्द होणार नाही, पण वर्षभरात केव्हाही यावं. आपल्यासारख्या सभ्य गृहस्थाची आम्ही वाट पाहू. हे उत्तर इतकं अदबीचं होतं की बाबूरावांना त्यावर रागावताही येईना.

खरा त्रास बाहेर होता. ते सकाळी फिरायला निघाले की कुणीतरी हात करी, "सुभेदार साब, बगीचे ही जा रहे हो ना? पक्का?" त्यांनी फिरायला जाणं बंद केलं. गच्चीवर येरझाऱ्या घालू लागले. येरझाऱ्या घालताना त्यांना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट खटके. ज्या माणसानं पोरांना आयुष्यभर शिकवलं की आधी जमिनीकडे बघा, मग नकाशाकडे, त्यानं या सगळ्या भानगडीत जमिनीकडे पाहिलंच नव्हतं. हॉटेल बघितलं, शेजाऱ्यांचे चेहरे बघितले, स्वतःचा अपमान तर रोज उलटून पालटून बघितला. ज्या दोन बायकांना भेटण्या-भेटवण्यासाठी हा सगळा घाट होता, त्यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

व्हिसाचा अर्ज अजून अडलेला होता. दुपारी गयाबाई गच्चीवर सांडगे घालत होत्या. बाबूराव त्यांच्यासमोर ऊन अडवून उभे राहिले.

"गया, तूच सांग. कुठं राहायचं?"

गयाबाईंनी वर पाहिलं. "बाजूला व्हा, सावली पडतेय," त्या म्हणाल्या. ते बाजूला झाले. मग त्या म्हणाल्या, "हॉटेलात."

"आता माझ्यासाठी म्हणू नको. तुला पोरीच्या घरी राहायचंय, मला माहीत आहे. दोघं खाली अंथरूण टाकू."

"तुम्हाला काय माहीत आहे?" गयाबाईंनी हाताचं पीठ पातेल्याच्या काठाला निपटलं. "हॉटेल बघ म्हणून मीच सांगितलं होतं दीनाला."

बाबूराव गच्चीच्या कठड्यावर बसले.

"तू?"

"हो. ती बिचारी म्हणत होती, माझ्याकडेच या, मी जमिनीवर झोपते. मी म्हटलं, नको. हॉटेल बघ. फार मोठं नको, पण खोलीला किल्ली असलेलं बघ."

"पण का?"

 गयाबाईंनी एक सांडगा घातला, दुसरा घातला. "तुमच्या बहिणीकडे गेलो, मी स्वयंपाकघरात. माझ्या भावाकडे गेलो, मी स्वयंपाकघरात. औरंगाबादला लग्नाला गेलो, लोक लेणी बघून आले, मी पुऱ्या लाटत होते. कुणी सांगत नाही तसं, पण बाईला आत गेल्यावर बसवत नाही हो. पोरीच्या घरी गेले तर ती कॉलेजातून थकून येणार आणि मी बसून राहणार? मी लागणारच ओट्याला. मग मी पोरीकडे गेले काय आणि इथं राहिले काय." त्यांनी आणखी एक सांडगा घातला. "मला एकदा पाहुणी व्हायचंय. कुणीतरी चहा आणून द्यावा आणि मी नुसतं थँक्यू म्हणावं."

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

"मग मला सांगितलं का नाहीस? मी इतके दिवस..."

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर भाषण देत होता." गयाबाई जराशा हसल्या. "आणि तुम्ही एवढे दुखावला होता माझ्या वतीनं, मला वाटलं, आता मधे कुठं बोलायचं."

 बाबूरावांनी सांडग्यांच्या रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग त्यांनी खिशातून फोन काढला, वाचायचा चष्मा लावला आणि बायकोशेजारी जमिनीवर बसून धम्मदीनेनं पाठवलेले फोटो पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली. गयाबाईंनी पिठाच्या बोटानं बेडूकवालं गेस्ट हाउस पसंत केलं. तिथे खोलीसमोर व्हरांडा होता आणि व्हरांड्यात एक रुंद वेताची खुर्ची होती. "हीच," त्या म्हणाल्या. पडद्यावर पांढरा ठिपका उमटला तो बाबूरावांनी पुसला नाही.

डिसेंबरात ते गेले. बेडूक खरोखरच ओरडत होते. बाबूराव जर्मन बाईंच्या बाजूचे निघाले, गयाबाई दुसऱ्या गृहस्थांच्या. सकाळी मालकीणबाई ट्रेमध्ये चहा घेऊन आल्या. गयाबाई वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसलेल्या होत्या. त्या उठायला निघाल्या, मग स्वतःला आवरलं, पुन्हा मागे टेकल्या आणि "थँक्यू" म्हणाल्या. चहा अगदीच पाणचट होता. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. बाबूराव मात्र सवयीनं पलंगाची चादर फौजी घडीत ताणून ठेवत आणि साफसफाईवाली बाई रोज ती नाराजीनं मोडून आपल्या पद्धतीनं घाली. त्यांच्यात असा मूक लढा चालू होता.

धम्मदीना रोज येई. आल्याबरोबर आईच्या पलंगावर आडवी होई, कॉलेजातल्या गोष्टी सांगे, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागे. गयाबाई तिच्या केसांतून हात फिरवत बसत. कुकरची शिट्टी मोजायची नव्हती, त्यामुळे हात मधेच काढून घ्यावा लागत नव्हता. बाबूराव व्हरांड्यातून हे बघत. पोरगी घरी असताना या दोघी अशा बसलेल्या त्यांना आठवत नव्हत्या. एक नेहमी उभी असायची.

काही दिवसांनी धम्मदीना म्हणाली, "उद्या माझ्याकडे जेवायला या. दोघंही. पाहुणे म्हणून हं, आई, तू काही करायचं नाहीस."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. पूल ओलांडला, बेकरी लागली, चढ लागला. निळं घर बाबूरावांना लांबूनच दिसलं. बाहेरचा जिना खरंच उभा होता. गयाबाई एकेका पायरीवर थांबत चढल्या. वर दार अर्धं उघडं होतं. आतून फोडणीचा वास येत होता आणि डाव घाईघाईनं काहीतरी ढवळत असल्याचा आवाज.

बाबूरावांनी बूट काढले. एरवी त्यांचा एक पाय तोवर आत असता. पण अर्ध्या उघड्या दारातून त्यांना खोलीचा एक तुकडा दिसला : खुर्चीवर घाईनं टाकलेला दुपट्टा, टेबलावर एक मानवी कवटी आणि तिच्याशेजारी तीन ताटं, नवी असावीत, कागद अजून चिकटलेला. ते जागच्या जागी थांबले आणि दारावर बोटानं हलकेच वाजवलं.

"दीना, येऊ का आत?"

आतला डाव थांबला. असा प्रश्न बाबांच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा. "बाबा, दोन मिनिटं थांबा हं," ती आतून म्हणाली. "अजून पसारा आहे माझा."

गयाबाई वरच्या पायरीवर टेकल्या. बाबूराव उभेच राहिले, पाठ ताठ, हात मागे, जसे कुठल्याही मोठ्या अधिकाऱ्याच्या दाराबाहेर उभे राहत. खाली छपरं होती, त्यापलीकडे समुद्र. आत कपाट उघडल्याचा, काहीतरी ढकलून बंद केल्याचा, पाटावरून भांडं घसरल्याचा आवाज झाला. मग दार पूर्ण उघडलं. धम्मदीना केस कानामागे सारत उभी होती, जराशी धापा टाकत.

"या," ती म्हणाली.

सुभेदार आत गेले. एकच खोली, एकच पलंग, एकच खिडकी, आणि सगळं तिचं. खोलीच्या मधोमध ते थबकले आणि मुलीकडे वळले.

"कुठं बसू?" त्यांनी विचारलं.